खाडीपलीकडचे बिऱ्हाड

व्यापारी कुटुंबाचे घर आणि त्याची पेढी यांच्यात पूर्वी फारसे अंतर नसे. मुंबईच्या मांडवी, मशीद बंदर, भात बाजार या भागांत खाली गोण्यांची थप्पी, वर बिऱ्हाड आणि हाकेच्या अंतरावर देरासर, अशी मांडणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ती कोणी कागदावर आखलेली नव्हती. माणसे एकमेकांच्या आधाराने वसत गेली आणि तसतशी पेठ घडत गेली. आम्ही वाशीला राहावयास गेलो, तेव्हा तेथे याच्या अगदी उलट स्थिती होती. सर्व काही आखलेले होते, पण घडलेले फारसे काही नव्हते. माझे बालपण त्या घडण्याच्या काळात गेले. वाशीतील त्या पहिल्या पिढीच्या इमारती आता एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. अशा वेळी त्या काळाची नोंद कोठेतरी असावी, एवढाच या लेखाचा हेतू.

नव्या मुंबईची कल्पना प्रथम विस्ताराने मांडली गेली ती १९६५ साली, ‘मार्ग’ या नियतकालिकात. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांचे म्हणणे असे होते की, मुंबई केवळ उत्तरेकडे लांबत राहिली तर तिचा श्वास कोंडेल. तिने खाडी ओलांडून पूर्वेकडे वाढले पाहिजे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. दक्षिण मुंबईच्या चिंचोळ्या रस्त्यांत मालमोटारींची कोंडी करणारे घाऊक बाजार खाडीपलीकडे न्यावेत, हा या योजनेचा महत्त्वाचा भाग होता. आपल्या समाजातील शेकडो कुटुंबांचा वाशीशी संबंध जडला, तो या एका निर्णयामुळे.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी कांदा-बटाट्याचा बाजार वाशीस आला. आमची पेढी धान्याची. दाणा बंदरही आज ना उद्या हलणार हे वडिलांनी ओळखले आणि बाजाराच्या आधीच बिऱ्हाड हलवले. आजोबांना हे रुचले नाही. “तिथे आपल्याला ओळखतं कोण?” एवढेच ते म्हणाले आणि थोरल्या काकांकडे मांडवीतच राहिले. त्यांचा प्रश्न जागेच्या सोयीगैरसोयीचा नव्हता. ज्या माणसाचा सारा व्यवहार शब्दावर चालतो, त्याला अनोळखी वस्तीत राहणे म्हणजे भांडवलावाचून दुकान मांडण्यासारखे वाटत होते.

आम्हा मुलांना मात्र ती वस्ती म्हणजे एक अफाट मैदान होते. मांडवीत पत्ता सांगताना गल्लीचे, चाळीचे, पेढीचे नाव सांगत. येथे पत्त्यात केवळ आकडे होते. सेक्टर, इमारत, खोली, साऱ्यांनाच आकडे. मग मुलांनीच नावे ठेवली. एका मोकळ्या भूखंडाला ‘वाळवंट’, पाणी साचणाऱ्या खड्ड्याला ‘तलाव’. पूर्वेस पारसिकचा डोंगर दिसे, पश्चिमेकडून खाडीचा खारा वारा येई. रात्री तिवरांच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू येत असे आणि आई दाराची कडी पुन्हा एकदा तपासून पाही.

वडिलांचे दिवस मात्र कठीण होते. वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती. ती आली मे १९९२ मध्ये. सकाळी बसने पूल ओलांडून मानखुर्दला जायचे आणि तेथून लोकलने मशीद बंदर गाठायचे. परतीचा प्रवासही तसाच. मांडवीत असताना सूर्यास्तापूर्वी वर घरी येऊन जेवून पुन्हा पेढीवर जाणे त्यांना सहज जमत असे. आता घरी पोहोचेपर्यंत अंधार पडे. चौविहार मोडायचा नाही हा त्यांचा निश्चय होता, म्हणून आई सकाळीच दोन डबे भरून देई. दुपारचा डबा गुमास्त्यांसोबत खाल्ला जाई. संध्याकाळचा डबा ते गादीवर एकटेच उघडत. सुमारे नऊ वर्षे आम्ही वडिलांना रविवारखेरीज संध्याकाळच्या जेवणाला पाहिले नाही. नियम पाळला गेला, परंतु घराने त्याची किंमत मोजली. ती किंमत मोजणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा आईचा होता, हे आज कळते.

शेजारी कोण मिळेल हे तेथे कोणाच्याच हाती नव्हते. आमच्या जिन्यात गिरगावातून आलेले एक मराठी कुटुंब होते, एक मल्याळी परिचारिका होती, एक पंजाबी वाहतूकदार होते. मांडवीत कच्छी आणि गुजराती एवढ्यावर आमचे भागत असे; मराठी आम्ही बोलू लागलो ती या जिन्यात. आज मी या विभागात लिहितो आहे, ती भाषा शाळेइतकीच समोरच्या काकूंची देणगी आहे.

पहिल्या वर्षीच्या संवत्सरीनंतरचा प्रसंग आमच्या घरी अजून सांगितला जातो. आई प्रथेप्रमाणे प्रत्येक दारी जाऊन हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणाली. समोरच्या काकू अगदी गोंधळून गेल्या. “अहो वहिनी, तुम्ही माझं काय वाईट केलंत? क्षमा कसली मागता?” आईने मोडक्यातोडक्या मराठीत अर्थ समजावून सांगितला की, वर्षभरात कळत-नकळत मन दुखावले गेले असेल, त्याची ही क्षमा. काकू क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग मीही मागायला हवी.” पुढच्या वर्षी आई बाहेर पडण्याआधीच त्या आमच्या दारात उभ्या होत्या.

त्या काळी वस्तीत देरासर नव्हते. पर्युषणात तळमजल्यावरच्या एका कुटुंबाच्या बाहेरच्या खोलीत प्रतिक्रमण होई; जागा अपुरी पडे आणि आम्ही मुले जिन्यावर बसत असू. साध्वीजींचा विहार वाशीकडे होऊ लागला तो पुलामुळेच. वाहन न वापरणाऱ्या साधु-साध्वींना पूल नसता तर मुंबईहून येथे येण्यासाठी ठाण्यास वळसा घालावा लागला असता. एकदा त्या चेंबूरहून निघाल्याचा निरोप आला आणि पहाटे आठ-दहा जण पुलाच्या अलीकडच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो. आईने उकळून निववलेले पाणी तयार ठेवले होते. गोचरीसाठी येथे घरे किती, असे साध्वीजींनी विचारले, तेव्हा मोठ्या माणसांनी प्रथमच वस्तीतील आपली घरे बोटांवर मोजली. आपण किती आहोत हे आम्हाला त्या दिवशी कळले.

परंतु ही भूमी रिकामी होती, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. ती आगरी आणि कोळी लोकांची भातशेती होती, मिठागरे होती. माझा एक वर्गमित्र जुहूगावचा होता. एकदा तो आमच्या घरी आला तेव्हा जिन्याकडे बोट दाखवून सहज म्हणाला, “इथे आमचा बांध होता.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता; म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात राहून गेले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई येथे शेतकऱ्यांचे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले. त्या दिवसांत आमच्या वर्गातील गावची बाके रिकामी होती. घरी मी कारण विचारले, तेव्हा वडील म्हणाले, “आपली पेढी कोणी मोजून पैसे देऊन बंद केली, तर आपण काय करू? शेतकऱ्याची पेढी म्हणजे जमीन.” प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना पुढे त्या लढ्यातून आली. एकाच जागेला तो मित्र गेलेले शेत म्हणत होता आणि मी नवे घर म्हणत होतो. दोन्ही खरे होते. अनेकान्त हा शब्द मी पाठशाळेत नंतर शिकलो. त्याचा अर्थ त्या जिन्यात आधीच समोर आला होता.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी दाणा बंदर वाशीस आले. गोण्या उचलणारे माथाडी कामगार आले, दलाल आले, मेहताजी आले. मसाल्याच्या बाजाराचा वास तुर्भ्याच्या वाऱ्यात मिसळू लागला. १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाल्याचे बाजारही आले. वडिलांनी गाळ्यात कुंभ मांडला त्या आठवड्यात ते सूर्यास्तापूर्वी घरी येऊन आमच्या पंगतीत बसले. आई वाढता वाढता मध्येच थांबली. किती पोळ्या लागतील, याचा तिचा अंदाज चुकला होता. त्यानंतर काही महिन्यांनी आजोबाही आले. महिनाभरात बाजारातून घरी येताना त्यांना चार ठिकाणी थांबून बोलावे लागू लागले. आपल्या जुन्या प्रश्नाविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत.

आज वाशीत देरासरे आहेत, पाठशाळा आहेत, आयंबिलाची सोय आहे. येथे जन्मलेल्या मुलांना हे सारे पूर्वीपासूनच असावे असे वाटते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मात्र पुनर्विकासात इमारत पडते तेव्हा तिचा जिनाही जातो, आणि अनेक घरांचा शेजार त्या जिन्यातच जमलेला होता. नव्या मनोऱ्यांत वाहनतळ, उद्वाहन, उद्यान हे सर्व करारात लिहिलेले असते. समोरच्या दारी कोण राहते हे करारात लिहिता येत नाही. ते नव्याने जमवावे लागते.

आपल्यापैकी कित्येक कुटुंबे आता उलवे, खारघर, पनवेल अशा आणखी नव्या वस्त्यांत जात आहेत. तेथेही पत्ते आकड्यांचे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कोणाचा तरी बांध होता. जाणाऱ्यांनी दोन गोष्टी अवश्य कराव्यात असे वाटते. आपल्या इमारतीखाली कोणत्या गावाची जमीन आहे हे मुलांना विचारून घ्यायला सांगावे. आणि पहिल्या संवत्सरीला आपल्या समाजाच्या घरांपुरते न थांबता मजल्यावरील प्रत्येक दार वाजवावे. कोणी गोंधळून “काय वाईट केलंत?” असे विचारले, तर अर्थ सांगण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.