आदर्श शाळा : वर्ध्याचा आराखडा, पवनारचा विचार

नई तालीम : हस्तोद्योगातून शिक्षण. बुनियादी शिक्षण, वर्धा योजना ही तिचीच नावे.

सुरुवात : २२-२३ ऑक्टोबर १९३७, वर्ध्याची शिक्षण परिषद. अध्यक्ष महात्मा गांधी. अभ्यासक्रमासाठी डॉ. झाकिर हुसेन समिती. विनोबा भावे तिचे सदस्य. १९३८च्या हरिपुरा काँग्रेसची मान्यता.

मूळ सूत्रे
• ७ ते १४ वयोगटाला सात वर्षे मोफत, सक्तीचे शिक्षण
• माध्यम मातृभाषा
• सूतकताई, शेती, सुतारकाम यांसारखा एक मूलोद्योग

समितीचे वेळापत्रक
शाळा साडेपाच तासांची. त्यात मूलोद्योग ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० मिनिटे, सुट्टी १० मिनिटे. महिन्याला सरासरी २४ दिवस शाळा. आज हे वाचताना आधी नजरेत भरतो तो उद्योगाचा वाटा; पण तो वेळ निव्वळ कारागिरीचा नव्हता. चरख्यावरच गणित, कापसातूनच भूगोल शिकवायचा होता.

फरक : व्यवसाय शिक्षणात उद्योग हे साध्य, नई तालीममध्ये ते शिकण्याचे माध्यम.

पवनार : धाम नदीकाठी विनोबांचा परमधाम आश्रम, १९३८ पासून. योग, उद्योग, सहयोग ही विनोबांची शिक्षणाची त्रिसूत्री. येथेच १९५९ मध्ये स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले.

आज : सेवाग्राममध्ये नई तालीमच्या परिसरात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा चालते.