सीयूसीव्हीच्या दोन बॅटऱ्या आणि हट्टी गिअर

अमेरिकी लष्कराच्या लिलावातून आलेला शेव्हरोलेट सीयूसीव्ही (एम-१००८ किंवा एम-१००९) घेतला असेल, तर हे वाचाच. १९८०च्या दशकातली ही ६.२ लिटर डिझेल गाडी. स्टार्टर २४ व्होल्टचा, दिवे-हॉर्न मात्र १२चे. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, अल्टरनेटरही दोन. म्हणून मल्टीमीटर प्रत्येक बॅटरीवर वेगळा लावा. इंजिन चालू असताना एकीवर १४च्या आसपास आणि दुसरीवर जेमतेम १२.५ दिसले, तर त्या दुसरीचा अल्टरनेटर झोपलाय. एकूण व्होल्टेज बघून हे नीट कळत नाही.

ग्लो प्लगची भानगड तर आणखी मजेशीर. आठही प्लगना २४ व्होल्टची लाइन रेझिस्टरमधून उतरवून मिळते. दोन-तीन प्लग गेले की करंट घटतो, रेझिस्टरवरचा व्होल्टेज ड्रॉप कमी होतो, उरलेल्यांवर जास्त व्होल्टेज येतं आणि तेही जळतात! नुसते मेलेले प्लग बदलत बसू नका. रेझिस्टर वगळून १२ व्होल्टवर आणणं मला जास्त पटतं.

आता गिअर. टीएच-४०० ऑटोमॅटिक उशिरा आणि झटका देत बदलतोय? गिअरबॉक्स उघडायच्या आधी मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा. डिझेलला मॅनिफोल्डचं व्हॅक्यूम नसतं, पंपावर भागतं. नळी चिरली की मॉड्युलेटरला वाटतं गाडीवर भरपूर लोड आहे. नळीत लाल तेल दिसलं तर डायाफ्राम फाटलाय. फक्त मॉड्युलेटर बदला.