ताळा जुळल्यावरही

संपादकांना विज्ञान विशेषांकासाठी एका यंत्राचा परिचय हवा होता. दुर्बिणी आणि कणत्वरकांवर मराठीत बरंच लिहून झालं आहे, म्हणून मी एका कोष्टकसंग्रहाकडे वळलो. एका ओळीची आज्ञा दिली की तो संगणकाच्या पडद्यावर अंकांचं एक चौकोनी कोष्टक मांडतो आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहतो. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र-विद्यापीठात घडलेल्या या संग्रहात दोन हजारांहून अधिक कोष्टकं आहेत. ‘गॅप’ या मोफत गणितप्रणालीबरोबर तो मिळतो. त्याचं नाव कॅरेक्टर टेबल लायब्ररी.

आपल्याकडे एमएस्सीला रसायनशास्त्र घेतलेल्यांनी कॅरेक्टर टेबल पाहिलेलं असतं. अमोनियाच्या रेणूला सहा सममिती असतात: जसाच्या तसा ठेवणं, दोन वळणं आणि तीन प्रतिबिंबं. यांचे तीन वर्ग पडतात, म्हणून कोष्टक तीन बाय तीनचं. परीक्षेसाठी ते पाठ करतात आणि त्यावरून रेणूची कंपनं शोधतात. गणितज्ञ हेच कोणत्याही सांत गटासाठी करतात. गट म्हणजे सममितींचा असा संच, की त्यातल्या दोन लागोपाठ केल्या तरी तिसरी सममिती त्याच संचातली निघते. एकमेकींसारख्या वागणाऱ्या सममितींचा मिळून एक वर्ग, आणि वर्ग तितके स्तंभ. हा गट मुळात किती वेगवेगळ्या रीतींनी मॅट्रिक्सच्या रूपात वावरू शकतो, ते ओळी सांगतात. स्तंभ आणि ओळी नेहमी सारख्याच संख्येने निघतात. लाखो घटकांचा गट दहा-वीस ओळींत मावतो तो यामुळे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८९६ मध्ये डेडेकिंड यांच्या पत्रांतून निघालेल्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना फ्रोबेनिउस यांनी गटांची कॅरेक्टर्स शोधली. १९८५ मध्ये केंब्रिजमधल्या कॉनवे, कर्टिस, नॉर्टन, पार्कर आणि विल्सन यांनी ‘ऍटलस ऑफ फायनाइट ग्रुप्स’ प्रसिद्ध केला. लाल वेष्टनाच्या, स्पायरल बांधणीच्या त्या अवाढव्य ग्रंथात ९३ साध्या गटांची, म्हणजे आणखी लहान गटांत न फुटणाऱ्या गटांची, माहिती आहे. त्याच सुमारास आखेनमध्ये योआखिम नॉयब्युझर आणि त्यांचे सहकारी कॅरेक्टर्ससाठी ‘कॅस’ नावाची प्रणाली चालवत होते. १९८६ मध्ये तिथेच गॅपचं काम सुरू झालं. नॉयब्युझर यांची भूमिका मला मनापासून पटते. गटांविषयीचं सायलोचं प्रमेय ग्रंथालयात बसून वाचावं आणि आयुष्यभर फुकट वापरावं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मग प्रमेय सिद्ध करणारी प्रणालीच विकत का घ्यावी लागावी, असं ते विचारत. आज गॅप कुणीही उतरवून घेऊ शकतो, तिचा आतला कोड वाचू शकतो आणि बदलूही शकतो. परदेशी ग्रंथ आणि महागडी सॉफ्टवेअरं ज्या महाविद्यालयांना परवडत नाहीत, तिथल्या विद्यार्थ्याच्या हातात आखेनच्या संशोधकाकडे आहे तेच कोष्टक असतं. याचं मोल मला फार वाटतं.

आता एक कोष्टक नीट पाहू. ए-५ हा ६० घटकांचा गट. बारा पंचकोनी बाजूंचा घन जितक्या तऱ्हांनी फिरवून पुन्हा त्याच जागी बसवता येतो, त्या सगळ्या तऱ्हा यात येतात. आज्ञा दिली की पडद्यावर पाच स्तंभ येतात: १अ, २अ, ३अ, ५अ, ५ब. आकडा सांगतो ती सममिती किती वेळा केली की सगळं मूळपदावर येतं, अक्षर सांगतं त्या जातीतला कितवा वर्ग. पहिल्या स्तंभात १, ३, ३, ४, ५. यांचे वर्ग करून बेरीज घ्या: १, ९, ९, १६, २५ मिळून बरोबर ६०. पहिला ताळा जुळला. शून्याच्या जागी नुसता ठिपका असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत ५अ-५बच्या खाली अंकाऐवजी एक अक्षर येतं, आणि कोष्टकाखाली त्याचा खुलासा: एक वजा वर्गमूळ पाच, भागिले दोन. सुवर्ण गुणोत्तराशी सख्खं नातं असलेली ही संख्या पंचकोनातून आली आहे.

माझी नजर मात्र कोष्टकाच्या डोक्यावरच्या ओळींवर खिळून राहिली. वर्गातल्या घटकाचा दुसरा, तिसरा, पाचवा घात कोणत्या वर्गात पडतो, ते तिथे लिहिलेलं असतं. ५अचा दुसरा घात ५बमध्ये जातो आणि ५बचा ५अमध्ये. हे घात-नकाशे छापील कोष्टकांत अनेकदा गाळलेले असतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत तर ते नसतातच. पण त्यांच्यावाचून कोष्टक पांगळं असतं. चौकोनाच्या आठ सममितींचा गट आणि हॅमिल्टनच्या चतुष्टयांचा आठ घटकांचा गट, या दोघांची कोष्टकं आकड्यांनी हुबेहूब सारखी आहेत. एकक (काहीच न बदलणारा घटक) सोडला, तर पहिल्यात स्वतःशी गुणल्यावर एकक देणारे घटक पाच, दुसऱ्यात एकच. हा फरक फक्त घात-नकाशात दिसतो.

कोष्टक हातात आलं की बऱ्याच प्रश्नांसाठी गटाकडे जायची गरज उरत नाही. २अमधला एक आणि ३अमधला एक घटक गुणून ५अमधला ठरावीक घटक मिळवायचा असेल, तर किती जोड्या निघतील? वर्गांचे आकार १५ आणि २०, त्यांचा गुणाकार भागिले ६० म्हणजे ५. त्याला ओळींवरून घेतलेल्या एका बेरजेने गुणायचं. ए-५मध्ये त्या बेरजेतली पहिली सोडून सगळी पदं शून्य होतात, म्हणून उत्तर पाच. हे कागदावर जमतं. कोट्यवधी घटकांच्या गटासाठीही सूत्र हेच आणि आज्ञाही हीच.

या संग्रहाचे कर्ते आणि राखणदार थोमास ब्रॉयर हे आखेनचे गणितज्ञ आहेत. १९९०च्या दशकापासून ते हे काम करत आले आहेत. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते: बहुतेक कोष्टकांना उगमाची एक टीप जोडलेली असते. हे ऍटलसमधून घेतलं, हे अमक्या प्रबंधातून, हे तमक्या उपगटांवरून रचलं. पहिला लंबता-संबंध तपासला, या या अविभाज्य संख्यांचे घात-नकाशे तपासले. सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद असते तशी. कोणत्या आवृत्तीत काय नवं आलं आणि कुठे चूक दुरुस्त झाली, याची यादीही संग्रहाबरोबर दिली जाते. आकड्यांचे ढीग पुष्कळांकडे असतात. आपल्या प्रत्येक आकड्याचा पूर्वेतिहास सांगणारा ढीग क्वचित भेटतो.

ही काटेकोर नोंद किती लागते, ते मॉन्स्टर या गटावरून कळतं. त्याच्या घटकांची संख्या ५४ अंकी आहे, पण वर्ग फक्त १९४. फिशर, लिव्हिंगस्टन आणि थॉर्न यांनी १९७८च्या सुमारास १९४ बाय १९४चं हे कोष्टक काढलं, तेव्हा मॉन्स्टर अस्तित्वात आहे हेच सिद्ध झालेलं नव्हतं. असा गट असलाच आणि त्याला १,९६,८८३ मितीचं कॅरेक्टर असलंच, तर बाकीचे आकडे काय निघतील, हे त्यांनी काढलं. रॉबर्ट ग्रीस यांची प्रत्यक्ष रचना १९८२ मध्ये छापून आली. कोष्टक आधी आणि गट नंतर, हा क्रम मला अजूनही थक्क करतो.

पण ज्याच्या सिद्धता कुठे सलग छापलेल्या नाहीत, त्यावर इतरांनी प्रमेयं उभारायची का? ज्याँ-पिएर सेर यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने ऍटलसबद्दल हाच प्रश्न विचारला. २०१६ मध्ये ब्रॉयर, गुंटर माल्ले आणि एमन ओ’ब्रायन यांनी त्याला उत्तर दिलं. गटांचे जनक घटक घेऊन, ते खरोखर त्याच गटाचे आहेत हे तपासून, कोष्टकं मुळापासून पुन्हा काढायची आणि छापील आकड्यांशी ताडून पाहायची, ही त्यांची पद्धत. तेव्हा बेबी मॉन्स्टर आणि मॉन्स्टर यांच्यासारखी मोजकी कोष्टकं तेवढी हाताबाहेर राहिली. मॉन्स्टरचा एक घटक ० आणि १च्या मॅट्रिक्समध्ये लिहायचा तरी १,९६,८८२ ओळी आणि तितकेच स्तंभ लागतात. एका घटकाला जवळपास पाच गिगाबाइट. पुढे ब्रॉयर, के मागार्ड आणि रॉबर्ट विल्सन यांनी या दोन गटांचीही पडताळणी केली. मागार्ड २०१८ मध्ये वारले. नंतर प्रसिद्ध झालेल्या कामावर त्यांचं नाव आहे.

आकडे तपासून झाले तरी वापरणाऱ्यापुढची मोठी अडचण तशीच उभी असते. संग्रहातल्या कोष्टकामागे मुळात गट नसतो. मी स्वतः ए-५चे क्रमचय लिहून गट बनवला आणि संग्रहातलं कोष्टक शेजारी ठेवलं, तर माझा कोणता घटक ५अ आणि कोणता ५ब हे कोष्टक सांगत नाही. एका कोष्टकापुरतं ते कसंही ठरवलेलं चालतं. दोन कोष्टकं जोडायची वेळ आली की चालत नाही.

उपगटाचा कोणता वर्ग मोठ्या गटाच्या कोणत्या वर्गात मिसळतो, या नकाशाला फ्यूजन म्हणतात. ए-५ हा ए-६च्या आत बसतो. ए-६मध्ये ३अ आणि ३ब असे दोन वर्ग, शिवाय ५अ आणि ५ब. कोष्टकांवरून चार नकाशे शक्य ठरतात आणि चारही सारखेच योग्य, कारण ए-६च्या कोष्टकात या जोड्यांची अदलाबदल करता येते. कोणताही एक निवडा. आता ए-६ हा ए-७मध्ये, म्हणजे सात वस्तूंच्या सम क्रमचयांच्या गटात, बसवा. ए-७मध्ये ३अ म्हणजे तीन वस्तूंचं एक चक्र, तर ३ब म्हणजे अशी दोन चक्रं. पहिल्या वर्गात ७० घटक, दुसऱ्यात २८०. इथे अदलाबदल अशक्य. म्हणजे मघाशी सहज केलेल्या निवडीवर आता उत्तर अवलंबून आहे. ए-७चं सहा मितीचं कॅरेक्टर ए-५वर उतरवलं, तर एका नकाशाने ते १, १ आणि ४ असं फुटतं, दुसऱ्याने १ आणि ५ असं. दोन्ही उत्तरांत पूर्णांक आहेत, बेरीज सहा आहे, सगळे ताळे जुळतात. संगणक तक्रार करत नाही, करूही शकत नाही, कारण ए-७मध्ये दोन्ही प्रकारचे ए-५ खरोखर आहेत. आपण कोणत्या ए-५बद्दल बोलतोय ते वापरणाऱ्यालाच ठाऊक असायला हवं.

संग्रहात साठवलेल्या फ्यूजनना त्यामुळे टीप असते: हा नकाशा कोष्टकाच्या सममितीपुरता एकमेव आहे, किंवा अमुक साखळीशी सुसंगत ठेवला आहे. हजारो नकाशे परस्परांशी जुळते ठेवायचे, म्हणजे एक निवड बदलली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या पुन्हा पाहायच्या. बरं, घात-नकाशांसह पूर्ण कोष्टकसुद्धा गट नेहमी ओळखून देत नाही. ब्राउअर यांनी हा प्रश्न मांडला होता आणि डेड यांनी १९६४ मध्ये उत्तर दिलं: घात-नकाशांसकट सारखी कोष्टकं असलेले वेगळे गट असतात. २५६ घटकांच्या गटांतच अशा जोड्या सापडतात.

मॉड्युलर कोष्टकांची काळजी वेगळीच आहे. संख्या एखाद्या अविभाज्य संख्येने भागून उरणाऱ्या बाकीत मोजायच्या, तर कोष्टक निराळं होतं आणि काढायला कितीतरी अवघड. त्यांच्या ऍटलसचा पहिला भाग १९९५ मध्ये आला आणि मॅकलॉफलिन गटापर्यंत पोचला. मोठ्या गटांसाठी पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. संग्रहाकडे मॉन्स्टरचं २साठीचं कोष्टक मागितलं तर उत्तर येतं ‘फेल’. ३, ५ आणि ७साठीही पूर्ण कोष्टक अद्याप नाही. २ आणि ३साठी पहिली बिनक्षुल्लक मिती १,९६,८८२ आहे, हे सिद्ध झालेलं आहे. त्यापुढची संपूर्ण यादी अजून कुणाकडेच नाही.