थंड देहातलं पाणी

एमआरआयच्या फिल्मवरचा मेंदू हा मेंदूचा फोटो नव्हे, हे माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. क्ष-किरणांच्या चित्रात हाड पांढरं आणि हवा काळी, हे ठरलेलं असतं. एमआरआयमध्ये तसं काही नाही. तिथं पांढरं-काळं ठरतं ते मुख्यतः वेळेवर, आणि ती वेळ बदलते तापमानाप्रमाणे.

शरीरातल्या पाण्याच्या रेणूंमधली हायड्रोजनची अणुकेंद्रकं यंत्राच्या चुंबकक्षेत्रात भोवऱ्यासारखी डुलत असतात. दीड टेस्लाच्या यंत्रात सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. त्याच तालाची रेडिओलहर सोडली की त्यांचा समतोल ढळतो. मग मिळालेली ऊर्जा भोवतालाला देऊन ती मूळ स्थितीला येतात. त्याला जो वेळ लागतो तो शिथिलनकाळ, तज्ज्ञांच्या भाषेत टी-१.

तापवलं की सगळ्याच गोष्टी लवकर उरकतात, असा आपला स्वयंपाकघरातला अनुभव. मीही तसंच गृहीत धरलं होतं. पण शुद्ध पाण्याचा टी-१ शून्य अंशाजवळ पावणेदोन सेकंदांच्या आसपास, तर २५ अंशांना साडेतीन सेकंदांच्या घरात असतो. म्हणजे ऊन पाणी शिथिल व्हायला जास्त वेळ घेतं!

हे कोडं ब्लोएम्बर्गन, पर्सेल आणि पाउंड या तिघांनी १९४८ मध्ये उलगडलं. झोक्यावरचं पोर त्याच्या तालात हात लावला तरच थांबवता येतं. भराभर चापट्या मारून काही होत नाही. अणुकेंद्रकाची ऊर्जा काढून घ्यायलाही शेजारच्या रेणूंची हालचाल त्याच्या तालाच्या जवळपासची लागते. पाण्याचे रेणू मुळातच त्या तालाच्या कितीतरी पट वेगानं गिरक्या घेतात. पाणी तापलं की ते आणखी दूर पळतात, गार झालं की थोडे जवळ येतात. म्हणून गारठ्यात टी-१ आखूड.

जिवंत माणसात याची फारशी आठवण ठेवावी लागत नाही. ऊतींचा टी-१ अंशामागे साधारण एक-दोन टक्के बदलतो. दोन अंश ताप असला तरी डॉक्टरांच्या नजरेला फरक कळायचा नाही. अडचण येते ती मृतदेहाच्या वेळी.

स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या न्यायवैद्यकशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या अखेरीस ‘व्हर्टॉप्सी’, म्हणजे सुरी न लावता सीटी आणि एमआरआयनं शवचिकित्सा करण्याचा, प्रकल्प हाती घेतला. शीतगृहातून आणलेला देह ३७ अंशांचा नसतो, दहाच्याही खाली असू शकतो. ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रणपद्धतीत मेंदूभोवतालचं पाणी मुद्दाम काळं केलं जातं, म्हणजे त्याच्या कडेचा दोष उठून दिसतो. युक्ती साधी आहे. अणुकेंद्रकांचं चुंबकन उलटं करायचं आणि ते परतताना पाण्याचा संकेत नेमका शून्यावर आला की चित्र टिपायचं. दीड टेस्लाला हा क्षण साधारण सव्वादोन ते अडीच सेकंदांनी येतो, पण उबदार देहात. थंड देहातलं पाणी तोवर शून्य ओलांडून पुढे गेलेलं असतं. ते उजळ दिसतं.

जिवंत रोग्याच्या फ्लेअर चित्रात मेंदूच्या घड्यांतून अशी उजळ रेघ दिसली, तर रक्तस्राव किंवा मेंदूज्वराची शंका घेतात. मृत्यू कशानं झाला हाच जिथं प्रश्न आहे, तिथं नुसत्या गारठ्याला रक्तस्राव ठरवणं किती महागात पडेल! घरचे लोक आणि पोलिस, दोघेही त्या अहवालाची वाट पाहत असतात. शिवाय थंडीत चरबीचाही उजळपणा कमी होतो, त्यामुळे सवयीच्या नजरेला ओळखीच्या खुणाच सापडत नाहीत.

याच गुणाचा उपयोगही सुचला. टी-१ वरून शरीराच्या आतलं तापमान मोजता येईल, अशी कल्पना १९८३ मध्ये पार्कर आणि सहकाऱ्यांनी मांडली. पण उष्णतेनं ऊती शिजली की तिचा टी-१ कायमचा बदलतो आणि हिशेब चुकतो. त्यामुळे ध्वनिलहरींनी मेंदूतला बिंदू तापवून हाताचा कंप थांबवताना पाण्याच्या डुलण्याच्या तालात पडणारा बारीक फरक मोजतात. तो अंशामागे दहा कोटीत एक भाग एवढाच असतो. चरबीत मात्र हा फरक जवळजवळ पडतच नाही. तिथं पुन्हा टी-१ कडेच वळावं लागतं.

शवाच्या बाबतीतला उपाय त्याहून सोपा आहे. यंत्रात सरकवण्याआधी देहाचं आतलं तापमान मोजायचं आणि त्या मानानं पाणी शून्यावर येण्याचा क्षण अलीकडे घ्यायचा.