नीलमाचें मोल

शिकलगार ज्या दगडावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो तो कुरुंद आणि एखाद्या राणीच्या अंगठींत हिऱ्यांच्या घेऱ्यांत बसविलेला निळा खडा हे दोघे सख्खे भाऊ आहेत, असें सांगितलें तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. परंतु त्यांत अतिशयोक्ति मुळींच नाहीं. दोघांचेंहि द्रव्य एकच, म्हणजे ॲल्युमिनियम व प्राणवायु यांचा संयोग. संस्कृतांतील 'कुरुविंद' आणि तामिळांतील 'कुरुंदम्' या शब्दांच्या घराण्यांतूनच युरोपांत या खनिजाचें 'कोरंडम' हें नांव रूढ झालें. हें द्रव्य अगदीं शुद्ध असलें तर त्यास रंगच नसतो. त्यांत क्रोमियमचा अल्पसा अंश शिरला कीं तें माणिक म्हणून मिरवूं लागतें. आणि लोह व टिटॅनियम हे दोन धातु त्यांत शेजारीं शेजारीं येऊन बसले कीं त्याचा नीलम होतो. प्रकाश पडतांच या दोन शेजाऱ्यांमध्यें एक विद्युत्कण इकडून तिकडे उडी घेतो. त्या क्रियेंत प्रकाशांतील तांबडा-पिवळा भाग शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत निळा तेवढा पोंचतो. कोट्यवधि रुपयांच्या व्यवहाराच्या मुळाशीं एवढीशीच गोष्ट आहे!

कठीणपणांत नीलम हिऱ्याच्या खालोखाल. मोहस याच्या कोष्टकांत हिऱ्यास १० तर नीलमास ९ हा अंक दिलेला आहे. म्हणूनच आजीच्या बोटांतील नीलम नातीच्या बोटांत जातो, तरी त्याच्या पैलूंची धार बहुधा शाबूत असते.

प्राचीन भारतीयांना हें रत्न 'इंद्रनील' या नांवानें परिचित होतें. बल नामक असुराचे नेत्र सिंहलद्वीपांत पडले व तेथें इंद्रनील उत्पन्न झाले, अशी गरुडपुराणांतील कथा आहे. कथा बाजूस ठेविली तरी तिच्यांतील भूगोल खरा आहे, कारण जगांतील उत्तमोत्तम नीलम अनेक शतकें सिंहलद्वीपांतूनच येत आले. शंभरपट दुधांत ठेविला असतां जो सर्व दुधास निळी झांक आणतो तो 'महानील', असेंहि त्या ग्रंथांत सांगितलें आहे. दुधास खरोखर रंग चढत नाहीं हें उघड आहे. पण रंगाची घनता हीच नीलमाची खरी कसोटी, हें त्या काळच्या परीक्षकांनीं ओळखलें होतें. याच्या उलट प्राचीन ग्रीक लोक 'सॅफिरॉस' म्हणत तो दगड बहुधा सोनेरी ठिपक्यांचा लाजवर्द असे. म्हणजे नांव नीलमाचें, आणि वस्तु निराळीच!

श्रीलंकेंतील रत्नपूर हें गांव आपलें नांव आजहि सार्थ करीत आहे. तेथें भाताच्या शेतांत खोल खड्डा खणून, त्याच्या बाजूंना लांकडांचा आधार देऊन, तळाशीं असलेला 'इल्लम' नांवाचा वाळू-गोट्यांचा थर वर काढतात. तो वेताच्या टोपल्यांत घालून पाण्यांत गरगर फिरवितात. नीलम साध्या वाळूपेक्षां सुमारें दीडपट जड असल्यामुळें हलका गाळ कडेनें वाहून जातो आणि रत्नें तळाशीं राहतात. कित्येक टोपल्या रिकाम्याच निघतात, हें निराळें सांगावयास नको.

परंतु सिंहलाच्या या पुरातन कीर्तीस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक प्रतिस्पर्धी अकस्मात् उत्पन्न झाला. इ. स. १८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागांत, सुमजाम या खेड्याच्या वरच्या अंगास, एक मोठा कडा कोसळला. जागा सुमारें चौदा-पंधरा हजार फूट उंचीवरची. वर्षांतील बहुतेक महिने बर्फाखालीं दबलेली. उघड्या पडलेल्या खडकांत निळ्या स्फटिकांचे घोंस लागलेले दिसले. डोंगरी लोकांस त्यांची किंमत ठाऊक नव्हती. प्रारंभीं हे खडे त्यांनीं मिठाच्या मोबदल्यांत देऊन टाकले, असें सांगतात. बातमी फुटण्यास मात्र वेळ लागला नाहीं. महाराज रणबीरसिंह यांनीं खाणीवर पहारा बसविला. त्या चार-पांच वर्षांत जें निघालें तें अपूर्व होतें. सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ ला टूश यांस दरबारानें १८८७ सालीं पाहणीसाठीं बोलाविलें, तेव्हां मूळची खाण जवळजवळ रिकामी झाली होती. पुढें अधूनमधून पुष्कळ प्रयत्न झाले, पण पहिल्या तोडीचा माल त्या प्रमाणांत पुन्हां हातीं लागला नाहीं.

काश्मिरी नीलमाचें वैशिष्ट्य त्याच्या मखमली निळेपणांत आहे. त्यांत अतिसूक्ष्म कण इतक्या विरळपणें पसरलेले असतात कीं ते खड्यास गढूळ करीत नाहींत. ते केवळ प्रकाश आंतल्या आंत पसरवितात. गोकर्णीच्या फुलावर पहाटेचें धुकें यावें तसा तो रंग दिसतो. त्याचें मोल आंकड्यांतहि पाहतां येईल. सिंहलाचा ३९२.५२ कॅरटचा एक प्रचंड नीलम २०१४ सालीं जिनीव्हा येथील लिलांवांत सुमारें १ कोटि ७३ लक्ष डॉलरांस गेला. पुढच्याच वर्षीं हाँगकाँग येथें २७.६८ कॅरटचा, म्हणजे जेमतेम साडेपांच ग्रॅम वजनाचा, काश्मिरी नीलम सुमारें ६७ लक्ष डॉलरांस विकला गेला. दर कॅरटचा हिशेब केला तर काश्मिरी खड्यास पांचपटींहून अधिक भाव मिळाला.

युरोपच्या राजघराण्यांनीं नीलमास मोठा मान दिला. १८४० सालीं विवाहाच्या आदल्या दिवशीं राजपुत्र आल्बर्ट यानें व्हिक्टोरिया राणीस हिऱ्यांनीं वेढलेल्या नीलमाचें पदक दिलें. १९८१ सालीं डायना हिच्या वाङ्निश्चयाच्या अंगठींत सिंहलाचाच नीलम होता, आणि २०१० सालीं तीच अंगठी तिच्या सुनेच्या बोटांत आली. अमेरिकेंतील एका संग्रहालयांत 'मुंबईचा तारा' नांवाचा १८२ कॅरटचा नीलम आहे. तोहि सिंहलाचाच, मुंबईच्या वांट्यास केवळ नांव आलें.

येथवर निसर्गाची करणी झाली. आतां माणसाची. व्हर्नॉय या फ्रेंच रसायनज्ञानें ॲल्युमिनियमच्या भस्माची पूड ज्वालेंत वितळवून कृत्रिम माणिक तयार केलें व १९०२ सालीं ती रीति प्रसिद्ध केली. नीलमानें मात्र त्यास बराच काळ झुलविलें. निळ्या रंगासाठीं त्यानें प्रथम कोबाल्ट वापरलें. तें नीट मिसळेना. पुढें १९१० च्या सुमारास लोह व टिटॅनियम यांची जोडी वापरतांच रंग जमला. असा कृत्रिम नीलम आज घड्याळांच्या कांचांसाठीं सर्रास वापरला जातो. रासायनिक दृष्ट्या तो नीलमच आहे. परंतु त्याची किंमत निसर्गाच्या नीलमापुढें क्षुल्लक.

दुसरी करामत भट्टीची. श्रीलंकेंत 'गेउडा' नांवाचे दुधाळ, पांढरट खडे पूर्वीं कवडीमोल समजले जात. १९७० नंतरच्या दशकांत थायलंडच्या व्यापाऱ्यांनीं ते खरेदी करून दीड हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तापविले. खड्यांत सूक्ष्म तंतूंच्या रूपानें अडकलेलें टिटॅनियम त्या उष्णतेनें विरघळून लोहाशेजारीं गेलें, आणि पांढरा खडा निळा झाला! हा रंग टिकाऊ असतो. व्यापारांत ही रीति मान्यहि आहे, मात्र ती सांगितली पाहिजे. तिसरा प्रकार निव्वळ फसवणुकीचा होऊं शकतो: तडे गेलेल्या हलक्या खड्यांत कोबाल्टयुक्त शिशाची निळी कांच भरतात. सोनाराच्या ज्योतीनें ती बिघडते. लिंबाच्या रसासारख्या सौम्य आम्लाचाहि अशा कांचेवर परिणाम होतो.

या सर्वांची झळ लागते ती सामान्य गृहस्थास. नीलम हें शनीचें रत्न. साडेसाती आली कीं घरांत चिंता शिरते; मधल्या बोटांत नीलम घालण्याचा सल्ला मिळतो; तो लाभतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कांहीं रात्री उशाशीं ठेवावयास सांगतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्यानें सोडवावा. पण भ्यालेला ग्राहक चौकशी करीत नाहीं, आणि कर्ज काढून घेतलेला खडा कांच भरलेला निघाला तर तें नुकसान शनीच्या माथीं मारतां येत नाहीं. वजन रतींत सांगितलें तर तें कॅरटांत करून मागावें. रतीचें माप दुकानागणिक बदलतें, कॅरट मात्र सर्वत्र दोनशें मिलिग्रॅमचाच. बंद पाठीच्या कोंदणांत खड्याखालीं डांक बसविलेला असूं शकतो. म्हणून खडा सुटाच पाहावा.

मुंबईंत व जयपुरांत रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत. तेथें परीक्षक प्रथम खड्याचे दोष शोधतो. ज्वालेंतून निघालेल्या कृत्रिम नीलमांत रंगाच्या रेषा वक्र असतात व कधीं गोल बुडबुडे आढळतात. नैसर्गिक खड्यांत त्या रेषा सरळ, कोन करून वळणाऱ्या. तापविलेल्या खड्यांतील तंतु तुटक व अस्पष्ट दिसतात. आणि जेथें ते रेशमासारखे अखंड राहिलेले असतात, तेथें उष्णतेचीं चिन्हें आढळत नाहींत असा शेरा दाखल्यावर पडतो. त्या एका ओळीनें खड्याचा भाव कित्येक पटींनीं चढतो.