खोल समुद्रातील दीर्घायुषी

मासा म्हटला की अल्पायुषी, भरमसाट अंडी घालणारा आणि कितीही पकडला तरी पुढच्या हंगामात पुन्हा मिळणारा जीव, अशी आपली समजूत असते. आपल्या किनाऱ्यावरील बांगडा, तारली यांच्याबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. हे मासे एक-दोन वर्षांतच प्रजननक्षम होतात. खोल समुद्राचा न्याय मात्र निराळा आहे. 'ऑरेंज रफी' या माशाची कहाणी त्याची साक्ष देते.

होप्लोस्टेथस अटलांटिकस हे या माशाचे शास्त्रीय नाव. अटलांटिक, हिंदी व पॅसिफिक या तिन्ही महासागरांत, सुमारे १८० ते १८०० मीटर खोलीवर, तळालगत तो राहतो. हजार मीटरवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील वायुदाबाच्या शंभरपट असतो आणि तापमान अवघे काही अंश. जिवंतपणी हा मासा विटेसारखा लाल दिसतो, मेल्यावर त्याचा रंग नारिंगीकडे झुकतो. सूर्यप्रकाशातील लाल किरण इतक्या खोलवर पोहोचत नाहीत; त्यामुळे तेथे लाल मासा काळाच भासतो आणि शत्रूच्या नजरेतून सुटतो. त्याच्या शरीरातील तेलात मेणासारख्या पदार्थांचा भरणा असतो. ते पाण्याहून हलके असल्याने फारशी शक्ती न खर्चता त्याला तरंगता येते.

समुद्रतळावरून उठलेले पर्वत हे त्याचे आवडते ठिकाण. तेथे धडकणारे प्रवाह कोळंबी, माकूळ, लहान मासे असे खाद्य आणून देतात. याच पर्वतांच्या परिसरात हिवाळ्यात हजारो मासे प्रजननासाठी दाटीने एकत्र येतात.

त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य म्हणजे संथपणा. प्रजननक्षम होण्यास त्याला २० ते ४० वर्षे लागतात आणि इतर अनेक माशांच्या मानाने तो अंडीही कमी घालतो. त्याचे वय कळते ते कानातील चुनखडीच्या खड्यावरून. या खड्यावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्तुळे उमटतात. त्यातील रेडियमचे कालांतराने शिशात रूपांतर होते. या दोहोंच्या प्रमाणावरून शास्त्रज्ञांनी वर्तुळांच्या मोजणीचा पडताळा घेतला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हा मासा शंभराहून अधिक वर्षे जगतो हे स्पष्ट झाले. पुढे तर २३० वर्षांहून अधिक वयाच्या माशांची नोंद झाली. म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वी जन्मलेला मासा आपल्या काळात जाळ्यात सापडला!

हे ज्ञान हाती येईपर्यंत उशीर झाला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडनजीक आणि १९८० च्या दशकात टास्मानियानजीक या माशाची व्यापारी मासेमारी सुरू झाली. पांढरे, सौम्य चवीचे मांस अमेरिकी बाजारात लोकप्रिय ठरले. प्रजननासाठी जमलेल्या थव्यांवर जाळे ओढले की काही मिनिटांत टनावारी मासा हाती येई. तो इतर माशांच्याच वेगाने वाढतो, असे गृहीत धरून पकडीच्या मर्यादा ठरविल्या गेल्या होत्या. परिणामी काही ठिकाणचे साठे मूळच्या एक-पंचमांशाहूनही खाली आले. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी शेकडो वर्षांच्या प्रवाळांचाही चुराडा केला.

ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये या माशाला कायद्याने संरक्षणाच्या कक्षेत आणले. पूर्व टास्मानियानजीकचा साठा सावरू लागल्यावर २०१५ मध्ये तेथे मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू झाली. युरोपीय संघाने २०१० पासून आपल्या अटलांटिक पाण्यातील पकडीची मर्यादा शून्यावर आणली.

बंदी घातली की साठा लगेच भरून येईल, असे मात्र नाही. आज जन्मलेले पिल्लू प्रजननक्षम होईपर्यंत माणसाची एक पिढी उलटलेली असेल. म्हणूनच खोल समुद्रात जाळे टाकण्यापूर्वी तेथील जिवांचे आयुर्मान जाणून घेणे, ही मासेमारीची पहिली अट असायला हवी.