बंद पडलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन : हिवाळ्यातील निगा

जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन पावसाळ्याअखेर बंद पडते आणि रब्बीचा पैसा हाती येईपर्यंत दुरुस्ती लांबणीवर टाकावी लागते, असा प्रसंग पुष्कळ शेतकऱ्यांवर येतो. चालू इंजिन अधूनमधून चांगले तापविले की त्यातील ओल निघून जाते. बंद इंजिनास ती सोय नाही. त्यामुळे थोड्या खर्चात सुधारणारा बिघाड दोन-तीन महिन्यांत मोठा होऊन बसतो.

काश्मीरसारख्या प्रदेशात इंजिनातील पाणी गोठते. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व बिडाचा ठोकळा तडकतो. निफाडकडे पारा काही वर्षी ५ अंशांखाली उतरतो, तरी तेथे ही भीती फारशी नाही. महाराष्ट्रात खरा शत्रू दंव होय. रात्री थंड झालेले बीड सकाळी लवकर तापत नाही. दमट हवा त्यास लागली की सिलिंडरच्या आतही थेंब जमतात, गंज चढतो आणि पिस्टनच्या कड्या भिंतीस चिकटतात.

याकरिता डिझेल इंजिनाचे इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे स्वच्छ इंजिन तेल सोडावे व इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. भोके तेलात भिजविलेल्या कापडाच्या बोळ्यांनी बंद करावी. बोळ्याचे टोक बाहेर राहू द्यावे. दर पंधरवड्यास बोळे काढून इंजिन पुन्हा फिरवावे. ते फिरत नसल्यास जोर करू नये. गिअर टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढणे हा तर सर्रास चालणारा अविचार आहे; त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी डिझेल व तेल समभाग घालून आठवडाभर मुरू द्यावे.

रेडिएटरमध्ये साधे पाणी असल्यास रेडिएटर व ठोकळा या दोहोंच्या तोट्या उघडून ते काढावे. तोटी क्षाराने तुंबली असल्यास तारेने मोकळी करावी. जुने हेड गॅस्केट गळके असेल तर हेच पाणी सिलिंडरमध्ये झिरपते. तळाच्या टाकीतील तेलही बदलावे. बूच हळूहळू सैल करताच आधी पाणी आले, तर गळती झालीच आहे असे समजून मिस्त्रीस ते अवश्य सांगावे.

सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालावा. ताडपत्री जमिनीपर्यंत आवळून बांधू नये. खालून वारा खेळला पाहिजे.

दुरुस्तीनंतर इंजेक्टर बसविण्यापूर्वी बोळे काढून इंजिन हाताने काही फेरे फिरवावे व साचलेले तेल बाहेर टाकावे. ते आत राहिल्यास पहिल्याच फेऱ्यात पिस्टन अडतो.